गुरुवारचं शून्य

प्रश्न : ताई, मी संख्याशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी पिक्सार या अमेरिकी अ‍ॅनिमेशन कंपनीच्या १९९५ ते २०२४ या काळातल्या २८ चित्रपटांचा डॅशबोर्ड (आकडे आलेखांत दाखवणारा पडदा) पॉवर बीआय या सॉफ्टवेअरमध्ये केला. चौदा आलेख, सहा स्लायसर (माहिती गाळायची बटणं), वर कोपऱ्यात पिक्सारचा तो उड्या मारणारा दिवासुद्धा. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी दोन मिनिटं माउस फिरवला आणि विचारलं, "बरं, मग यातून काय कळलं?" मी म्हणालो, २०२० नंतर कंपनी घसरली. ते म्हणाले, "परत एकदा बघा." पुढच्या महिन्यात पुन्हा दाखवायचंय. फाइल सोबत पाठवतोय. कुठे चुकलं?
— एक वाचक, कर्वेनगर

उत्तर : फाइल उघडून बसले. दिवा छान आहे, राहू दे.

आधी तुझं ते "घसरली" बघू. २०२० ते २०२४ मधले सात चित्रपट तू घेतलेस. त्यातल्या 'सोल', 'लुका' आणि 'टर्निंग रेड' या तिघांपुढे कमाई शून्य. मला शंका आली म्हणून पॉवर क्वेरीत, म्हणजे पॉवर बीआयमध्ये डेटा साफ करतात तिथे, तुझ्या पायऱ्या वाचल्या. सहाव्या पायरीला तू सगळ्या 'नल'च्या, म्हणजे रिकाम्या नोंदींच्या जागी शून्य भरलंयस. रिकामे चौकोन डोळ्यांना खुपत होते, हो ना?

हे तिन्ही चित्रपट करोनाच्या काळात अमेरिकेत, एखाद-दुसरं थिएटर सोडलं तर, थिएटरला लागलेच नाहीत, थेट डिस्ने प्लस या ओटीटीवर आले. शून्याचा अर्थ दुकान उघडं होतं आणि गिऱ्हाईक फिरकलं नाही. रिकाम्या चौकोनाचा अर्थ शटरच वर गेलं नव्हतं. पॉवर बीआयची सरासरी रिकामा चौकोन सोडून देते, पण शून्य मात्र इमानदारीने मोजते. सातातली तीन शून्यं घेतल्यावर कोणाचीही सरासरी आपटेल.

यावर मी इतकी का चिडते, ते सांगते. माझी पहिली नोकरी भोसरीतल्या एका फोर्जिंगच्या (तापलेलं लोखंड ठोकून घडवायच्या) कारखान्यात, रोजच्या उत्पादनाचा रिपोर्ट काढायची. आपल्याकडे एमआयडीसीला सुट्टी गुरुवारी, कारण गुरुवारी लाइट नसायची. मी नवी, हौशी. गुरुवारचे रकाने मोकळे दिसायचे म्हणून तिथे शून्य टाकलं. महिनाअखेर मुंबईच्या हेड ऑफिसात रोजची सरासरी सातव्या हिश्शाने कमी दिसली आणि आमच्या शिफ्ट सुपरवायझरांकडे लेखी खुलासा मागितला गेला. ते कागद घेऊन माझ्या टेबलाशी आले. आवाज चढवला नाही, फक्त म्हणाले, "मॅडम, गुरुवारी मी काय हाताने हातोडा मारू?" त्यानंतर आजपर्यंत मी रिकाम्या चौकोनात विचारल्याशिवाय काही भरलेलं नाही.

म्हणून ते तीन चौकोन मोकळे कर आणि शेजारी एक नवा रकाना घाल : प्रदर्शनाचा प्रकार. थिएटर, थेट घरी, किंवा दोन्हीच्या मधलं. मधलं अशासाठी की जिथे डिस्ने प्लस नव्हतं अशा काही देशांत, उदाहरणार्थ चीनमध्ये, 'सोल' थिएटरला लागला होता. वर २०२४ च्या सुरुवातीला हे तिन्ही चित्रपट अमेरिकेतल्या पडद्यावरही आले. म्हणजे आजच्या यादीतून आकडे उचललेस तर २०२० च्या ओळीत २०२४ चे पैसे येतील. 'फाइंडिंग नीमो'चंही तेच. तो २००३ चा, पण जगभरच्या एकूण आकड्यात २०१२ च्या थ्रीडी आवृत्तीची कमाई मिसळलेली असते. 'ऑनवर्ड'चा आकडा मात्र खरा आहे, तो ठेव आणि टूलटिपमध्ये, म्हणजे माउस नेल्यावर उघडणाऱ्या चौकटीत लिही : ६ मार्च २०२० ला लागला, पंधरा दिवसांच्या आत थिएटरं बंद.

आता दुसरी चूक, ही जास्त गंभीर. डावीकडच्या कार्डावरची एकूण कमाई वाचून मी चहा खाली ठेवला. एवढा पैसा पिक्सारने आजवर पाहिलेला नाही! झालंय असं की चित्रपटांच्या तक्त्याला तू दिग्दर्शक-लेखकांचा तक्ता 'मर्ज' केलास, म्हणजे जोडून एकच तक्ता केलास. 'टॉय स्टोरी'च्या पटकथेवर चार जणांची नावं आहेत, तर त्या चित्रपटाच्या चार ओळी झाल्या आणि कमाई चारदा मोजली गेली. लेखक जितके जास्त तितका चित्रपट श्रीमंत. मर्ज केल्यावर ओळी मोजायच्या, २८ च्या २८ राहिल्या पाहिजेत. दोन तक्ते वेगळे ठेव, मध्ये चित्रपटाच्या नावाचा धागा जोड. दिग्दर्शकाच्या स्लायसरने चित्रपट गाळायचे असतील तर त्या धाग्याची दिशा दुहेरी कर, नाहीतर स्लायसर दाबला जाईल आणि आकडा हलणार नाही.

किरकोळ : समीक्षणं गोळा करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या साइटच्या टक्क्यांना तू "गुण" म्हटलंयस. ९५ टक्के म्हणजे शंभरातल्या ९५ समीक्षकांना चित्रपट बरा वाटला, कोणी ९५ मार्क दिलेले नाहीत. आणि वर्षाचा रकाना मजकूर म्हणून ठेवल्यामुळे तुझ्या अक्षावर २०१३ नंतर एकदम २०१५ येतं. २०१४ ला पिक्सारचा एकही चित्रपट आला नाही, 'द गुड डायनासॉर' पुढे ढकलला गेला होता. ती फट दिसलीच पाहिजे. वर्ष आकड्यात बदल आणि अक्ष सलग ठेव.

आता परीक्षकांचा प्रश्न. चौदा आलेखांत उत्तर सापडत नाही कारण तू प्रश्नच विचारलेला नाहीस. मी तुझ्याच तक्त्याला एक विचारून पाहिला : पिक्सार जुन्याच गोष्टींचे पुढचे भाग जास्त काढायला लागली का? कमाई बाजूला ठेवून नुसते चित्रपट मोजले. १९९५ ते २००९ मध्ये १० चित्रपट, त्यात पुढचा भाग एकच, 'टॉय स्टोरी २'. २०१० ते २०१९ मध्ये ११, त्यातले ७ आधीच्याच गोष्टीवरचे. २०२० ते २०२४ मध्ये ७, त्यात 'इनसाइड आउट २' नक्की आणि 'लाइटइयर'चं काय करायचं ते तू सांग. तो पुढचा भाग नाही, पण 'टॉय स्टोरी'तला बझ नसता तर तो निघालाही नसता. 'मॉन्स्टर्स युनिव्हर्सिटी' तर 'मॉन्स्टर्स, इंक.' या पहिल्या चित्रपटाच्या आधीची गोष्ट. मी ती सातात धरली, कोणी धरणार नाही.

बटण द्यायचं ते इथे. बघणाऱ्याचं मत बदललं की उत्तर बदलतं, अशा जागी. "लाइटइयर धरा / सोडा", "थेट घरी आलेले धरा / सोडा", एवढी दोन पुरेत. तुझ्या सहा स्लायसरपैकी एक चित्रपटाच्या लांबीचा आहे. ९० मिनिटांवरून १०० वर सरकवून कोणाला काय मिळणार? काढून टाक.

पडद्यावर एकच मोठा आलेख ठेव : आडव्या अक्षावर वर्षं, २८ ठिपके, नव्या गोष्टीला एक रंग, जुन्या गोष्टीला दुसरा. उभ्या अक्षावर कमाई हवीच असेल तर अमेरिकेतली घे आणि तिकिटाच्या दराने भाग. तिथलं सरासरी तिकीट १९९५ ला ४.३५ डॉलरचं होतं, २०१९ ला ९.१६ चं. नुसते डॉलर मांडलेस तर नवा चित्रपट फुकटात उंच दिसतो. सरासरीऐवजी मध्यक (आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) वापर, कारण 'इनसाइड आउट २' जगभरात सुमारे १७० कोटी डॉलर कमावून बसलाय आणि सात जणांच्या सरासरीला एकटाच ओढून नेतो. शून्यांनी पाडलेली सरासरी त्याने परत वर उचलली, हे तुझ्या लक्षात आलं नव्हतं ना? म्हणजे "घसरली" काय आणि "सावरली" काय, दोन्ही तुझ्या फाइलमधूनच निघालं असतं.

झालं की शेजारच्या एखाद्या काकूंना लॅपटॉप दे आणि गप्प बस. काही समजावायचं नाही. आमच्या शेजारच्या काकूंनी माझ्या एका डॅशबोर्डवर अर्धा मिनिट बोट फिरवून विचारलं होतं, "हे दाबायचं असतं होय? मला वाटलं नक्षी आहे." त्या रात्री मी सगळी बटणं मोठी केली.

प्रश्न : नातवाला असे डॅशबोर्ड शिकायचे आहेत. त्याच्याकडे मॅक आहे. पॉवर बीआय घ्यावे की टॅब्लो?
— एक आजोबा, सहकारनगर

उत्तर : आजोबा, पॉवर बीआय डेस्कटॉप फुकट आहे, पण फक्त विंडोजवर चालतं. तेव्हा मॅकवर टॅब्लो पब्लिक. तेही फुकट, मात्र त्यावर प्रसिद्ध केलेलं काम साऱ्या जगाला दिसतं, त्यामुळे घरखर्चाचा हिशेब त्यात नको. पहिला महिना त्याला साधी स्प्रेडशीटच वापरू द्या आणि तक्ता हाताने भरायला लावा. वीसेक ओळी पुरे. रिकामा चौकोन आला की तो तुम्हाला हाक मारेल.