अडीच वर्षांची मुलगी नव्या बाळाला चिमटे काढते, वन रूम किचनमध्ये दोघांना कसं सांभाळायचं?

तुमच्या प्रश्नाच्या शेवटी सहज लिहिलंय ना, की सासूबाई म्हणतायत मोठीला चार-सहा महिने आजोळी ठेवा, ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. अजिबात पाठवू नका. बाळ आलं आणि मला घरातून काढलं, एवढंच त्या पोरीला कळणार.

आम्ही पण डोंबिवलीत वन रूम किचनमध्येच. धाकटी झाली तेव्हा मोठा तुमच्या मुलीएवढाच. मोठ्या जाऊबाई हटूनच बसल्या, याला गावी पाठव, बाळंतिणीला आराम नको का. मी नाही म्हटलं तर "बघू किती झेपतंय" म्हणून फोन ठेवला. त्यात बाळाला बघायला येणारा प्रत्येक जण त्याला विचारणार, काय रे, वाटेकरी आली, आता तुझे लाड बंद! थोड्याच दिवसांत पोरगं परत चड्डीत शू करायला लागलं, दूध पेल्यात नको बाटलीतच पाहिजे, आणि कोणाचं लक्ष नसलं की धाकटीला चिमटा.

मालिशवाल्या मावशी मोरीत पाय पसरून बसल्या की हा कपडे काढून आधीच हजर, मला पण तेल. मावशींनी हाकललं नाही. सरळ पायावर पालथा घेतला, मावेना, पाय मोरीच्या कट्ट्यावर आले, तरी मानेपासून टाचेपर्यंत रगडला. मग म्हणाल्या, आता बाळाची पाळी, तू वाटी धर. तेव्हापासून तेलाची वाटी त्याचीच, दुसऱ्यानं उचलली की भोकाड. चिमटे एकदम नाही थांबले पण कमी होत गेले.

झोपायचं म्हणाल तर गाद्या खाली घाला, भिंतीकडे बाळ (भिंत आणि गादीत फट नको), मग तुम्ही, मग मोठी, कडेला तिचे बाबा. तिची उशी-पांघरूण बाळाला देऊ नका. आणि "तू आता ताई, शहाण्यासारखं वाग" हे बंद करा, अडीच वर्षांची आहे ती.

बाबांनी पण हातभार लावायला हवा. २०१७ पासून आईला पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे पगारी रजा आहे, बापाला केंद्र सरकारी नोकरीत १५ दिवस आणि प्रायव्हेटमध्ये कायद्यानं काहीच नाही, मग सगळ्यांना सोपं काय, तर मोठ्या मुलालाच उचलून गावी ठेवा. जाऊबाईंनी स्वतःची लेक अशीच ठेवली होती, परत आणली तर आईजवळ झोपायला तयार नव्हती, हे त्यांनीच मला रडत सांगितलंय, तरी सल्ला तोच!

हां, एक राहिलं, दोघांना एकटं क्षणभरही सोडू नका, बाळाची टाळू भरलेली नसते. मोठीचं खाणं किंवा बोलणंच कमी झालं असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. आणि सासूबाईंना तुमच्या आरामाची काळजी असेल तर तुमच्या आईलाच महिनाभर तुमच्याकडे बोलवा म्हणावं.