पहिलं झाड कुणाच्या मनासारखं?

ताई, ऑगस्टमध्ये लग्न झालं आणि ऑक्टोबरात मी जर्मनीत श्टुटगार्टला आले. नवरा वसईचा, कॅथलिक, मी साताऱ्याची. हा आमचा पहिला नाताळ. त्याला खरं झाड हवंय, तेही छताला टेकेल एवढं (छत २ मीटर ४० सेंटिमीटरवर आहे). मला वाटतं प्लास्टिकचं आणावं आणि दरवर्षी तेच लावावं. तीन आठवड्यांसाठी वाढलेलं झाड का तोडायचं? शनिवारी झाडं विकतात तिथं गारठ्यात तासभर वाद घातला आणि रिकाम्या हातांनी परतलो. तेव्हापासून विषय निघाला की दोघंही गप्प. खरं सांगू का, झाड सजवताना मी त्याच्या सणात पाहुणीच असेन, याची धास्ती जास्त आहे.
– साताऱ्याची लेक

लेकी, जाळीत गुंडाळलेली शंभर झाडं समोर, मागे रांग आणि बोटं बधिर, अशा जागी कुणाचंच एकमत होत नाही. झाड घरात बसून ठरवायचं असतं, टेप हातात घेऊन.

टेपच्याही आधी एक काम कर. आज जेवताना त्याला विचार, तुमच्या घरी झाड कसलं असायचं? आपल्या किनाऱ्यावर कितीतरी घरांत सुरूची फांदी वाळूच्या डब्यात उभी करतात आणि खरी मेहनत येशूजन्माच्या देखाव्यावर, म्हणजे गोठ्यावर घेतात. उंची उंची म्हणतोय तो, पण त्याच्या आठवणीत गोठा असेल तर झाड लहान आणि खाली जागा मोठी लागेल. वास असेल तर खरेदीच बदलेल. त्याला सांगू दे, तू मध्ये बोलू नकोस.

झाड तोडायचं तुला वाईट वाटतं, तेही त्याच्याजवळ बोल. एवढं मात्र लक्षात घे की ही झाडं जंगलातली नसतात. शेतात लावतात, दोन मीटर व्हायला दहाएक वर्षं जातात, आणि तोडलेल्या जागी पुन्हा रोपं लागतात. प्लास्टिकचं झाड वर्षानुवर्षं वापरलं तरच परवडतं, पैशानंही आणि कचऱ्यानंही. दोन वर्षांत घर बदलायचं असेल तर ते खोकं कुठे ठेवणार, याचाही विचार कर. कुंडीतलं झाड हा सोपा मधला मार्ग वाटतो, पण बऱ्याचदा त्याची मुळं खणताना छाटलेली असतात, आणि उबदार घरात आठ-दहा दिवसांहून जास्त राहिलं तर ते बाहेरच्या थंडीत सहसा जगत नाही. तुमच्यासाठी मी मध्यम उंचीचं, तोडलेलं खरं झाडच सुचवीन.

तिथं मुख्यतः तीन जाती दिसतील. रोटफिश्टे सगळ्यात स्वस्त आणि वासाचं, पण हीटिंगच्या घरात आठवडाभरात सुया गाळायला लागतं. ब्लाउफिश्टे निळसर आणि देखणं, फांद्या सजावटीचे जड गोळे पेलतात, पण सुया हाताला टोचतात. नॉर्डमन महाग, वास जवळजवळ नाही, सुया मऊ आणि नीट पाणी मिळालं तर तीन-चार आठवडे टिकणाऱ्या. पहिल्या वर्षी नॉर्डमनच घ्या. त्याला वास हवाच असेल तर रोटफिश्टेच्या चार फांद्या आणून फुलदाणीत ठेवा. जर्मनीत घरोघरी असलेलं हे नॉर्डमन मूळचं कॉकेशसचं आहे, आणि त्याचं बरंचसं बी आजही जॉर्जियातून येतं.

आता टेप. छतातून शेंड्यावरच्या ताऱ्याचे २५ सेंटिमीटर, स्टँडमुळे वाढणारी उंची आणि वर थोडी मोकळी जागा वजा करा. तुमच्या घरात १ मीटर ८० सेंटिमीटरच्या वर जाऊ नका. घेर सगळे विसरतात. एवढ्या झाडाचा तळ सहज सव्वा मीटर पसरतो. जमिनीवर दोरीनं तेवढं वर्तुळ आखा आणि त्याच्याभोवती चालून बघा. बाल्कनीचं दार उघडत नसेल तर बसल्या जागी कळेल. स्टँडमध्ये जास्तीत जास्त किती जाडीचं खोड बसतं, तेही लिहून न्या.

झाड जाळीत घालण्यापूर्वी पाहायचं. फांदी मुठीत धरून आपल्याकडे ओढा, खोड जमिनीवर एकदा आपटा. हिरव्या सुया झडल्या तर ते झाड सोडा. आतल्या तपकिरी सुया पडल्या तर हरकत नाही. खोड सरळ हवं आणि खालची १५ सेंटिमीटर बिनफांदीची.

मग येतं पाणी. झाडं बिघडतात ती इथंच, म्हणून जरा सविस्तर सांगते. तोडलेल्या बुंध्यावर डिंक सुकून तोंड बंद होतं. म्हणून घरी आल्यावर बुडातून २-३ सेंटिमीटरची चकती करवतीनं सरळ कापायची, तिरकी नाही, आणि लगेच पाण्यात ठेवायचं. खोड स्टँडमध्ये बसत नाही म्हणून साल तासू नका, कारण पाणी सालीखालच्या थरांतूनच वर चढतं. स्टँड निदान चार लिटर पाण्याचा घ्या, पहिल्या दिवशी झाड दोन-तीन लिटर सहज पितं. पाण्याची पातळी कापाच्या खाली गेली की तोंड पुन्हा बंद होतं, आणि मग सजवलेलं झाड उतरवून पुन्हा कापावं लागतं. म्हणून सकाळ-संध्याकाळ बोट घालून पाहायचं. पाण्यात साखर, गोळ्या काही नको.

हीटिंग जमिनीखालून असेल तर त्या खोलीचं कमी करा आणि स्टँडखाली जाड लाकडी फळी ठेवा, नाहीतर बुंधा खालून शेकत राहील. फळीवर प्लास्टिक अंथरा, सांडलेल्या पाण्यानं लाकडी फरशी फुगते. बाहेरच्या थंडीतून झाड थेट उबेत आणू नका, एक रात्र बाल्कनीत पाण्याच्या बादलीत राहू दे. दुसऱ्या दिवशी जाळी खालून वर कापा आणि फांद्या खाली यायला चार-पाच तास द्या. हाताला लागलेला डिंक साबणानं जात नाही. खोबरेल तेल चोळा, मग साबण.

सजावटीत पाहुणी असण्याचं म्हणशील, तर गौरी-गणपतीची आरास तू केली आहेस. त्यात मखर उभं राहतं, मग वायर लपते, मग दिवे आणि शेवटी फुलं. झाडाचाही क्रम हाच. गोळे आधी लावले की दिव्यांची माळ घालताना निम्मे फुटतात. माळ पेटवून तपासा, प्लगच्या बाजूनं खालून सुरू करा, प्रत्येक फांदीवर खोडापर्यंत आत नेऊन टोकाकडे आणा. बाहेरून नुसती गुंडाळली की झाड दोरीनं बांधल्यासारखं दिसतं. तुमच्या झाडाला २०० ते ३०० एलईडी पुरतात. खऱ्या मेणबत्त्या भाड्याच्या घरात नकोतच. जड, मोठे गोळे खाली आणि आत, हलके टोकांना. ५०-६० नग खूप झाले. दिवे तू पूर्ण बघ, गोठा तो बघेल, आणि एकमेकांच्या कामात हात घालू नका. गोळे मात्र दोघांनी मिळून लावा.

तुझं काहीतरी झाडावर असू दे. लग्नाच्या चुड्यातल्या उतरवलेल्या बांगड्या असतील तर दोऱ्यात ओवून दिव्यापुढे येतील अशा टांग. काचेतून उजेड छान पडतो. नुसत्या फांदीवर हिरवी बांगडी हिरव्यात हरवते. आधी त्याला दाखव, ‘ही लावू का?’ म्हण.

नाताळाआधीच्या चार आगमन रविवारांपैकी तिसऱ्याच्या आदल्या दिवशी झाड आणलंत तर ६ जानेवारीपर्यंत टिकेल. त्या दिवशी तुमच्याकडे तीन राजांच्या सणाची सुट्टीही असते, उतरवायला सवड मिळेल. एकूण एक तार, हूक, चमकी काढून मगच झाड पालिकेनं नेमलेल्या जागी न्या.

शनिवारी सकाळी निघा. साडेचारला अंधार पडतो आणि दिव्यांच्या पिवळ्या उजेडात सुकलेली सुईही हिरवी दिसते. टेप, जाड हातमोजे आणि खोडाच्या जाडीची चिठ्ठी बरोबर असू द्या.