घरातला पडदा: डीव्हीडी हार्डडिस्कवर आल्या, आता बॉक्स कुठला घेऊ?

प्रश्न: ताई नमस्कार. आमच्याकडे तीनशेच्या आसपास डीव्हीडी आहेत, जुने मराठी-हिंदी सिनेमे, पुष्कळ नाटकं आणि मुलीच्या लग्नाच्या. प्लेअर बंद पडला, दुरुस्तीवाला म्हणतो लेन्स मिळत नाही आता. पुतण्याने दिवाळीच्या सुट्टीत बसून सगळ्या डिस्क दोन टीबीच्या पोर्टेबल हार्डडिस्कवर घेऊन दिल्या, काहींच्या आयएसओ फाइल आहेत आणि काहींचे व्हिडिओ टीएस नावाचे फोल्डर. टीव्हीला लावलं तर आयएसओ दिसतच नाहीत, फोल्डर उघडला तर एका सिनेमाचे पाच-सहा तुकडे दिसतात. घरात फायर टीव्ही स्टिक आहे पण तिला हार्डडिस्क लावायला जागाच नाही. दुकानदार म्हणतो एट-के वाला अँड्रॉइड बॉक्स घ्या, सगळं चालेल. घेऊ का? पाच-सहा हजारांपर्यंत तयारी आहे. (एक वाचक, सातारा)

उत्तर: थांबा, तो बॉक्स अजिबात घेऊ नका, का ते सांगते. पुतण्याने काम मन लावून केलंय, काहीही वाया गेलेलं नाही. आयएसओ म्हणजे अख्खी डिस्क मेनूसकट एका फाइलमध्ये, आणि व्हिडिओ टीएस म्हणजे तीच डिस्क फोल्डरात मोकळी ठेवलेली. डीव्हीडीच्या नियमाप्रमाणे त्यातली व्हीओबी फाइल एक जीबीच्या वर जात नाही म्हणून सिनेमाचे तुकडे दिसतात, आणि ते कुठल्या क्रमाने जोडायचे हे शेजारच्या छोट्या आयएफओ फाइलमध्ये लिहिलेलं असतं, जी टीव्हीचा आतला प्लेअर वाचतच नाही. म्हणजे अडचण ताकदीची नाहीये, डिस्कची रचना समजणाऱ्या सॉफ्टवेअरची आहे.

एट-के, फोर-के हे तर विसराच. आपल्याकडच्या पाल (भारतातली टीव्हीची पद्धत) डीव्हीडीचं चित्र ७२० बाय ५७६ चं असतं आणि सगळं मिळून डेटा सेकंदाला जास्तीत जास्त दहा मेगाबिट. यूएसबी २.० चं पोर्टसुद्धा कागदावर ४८० देतं, त्यामुळे वेगासाठी एक रुपयाही जास्त घालवायची गरज नाही. आणि ते बिननावाचे बॉक्स, ज्यांच्यावर सगळे चॅनेल फुकट असं लिहिलेलं असतं, ते घरात आणूच नका. अशा बऱ्याच बॉक्समध्ये आधीपासूनच घातक सॉफ्टवेअर भरलेलं सापडलंय, बॅडबॉक्स २.० नावाने हे प्रकरण गाजलं आणि जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने त्याबद्दल लोकांना जाहीर इशारा दिला. तुमच्या वायफायवर तुमचा फोन असतो, फोनमध्ये बँक असते, दोन हजार वाचवायला हा धोका कशाला घ्यायचा.

आता दोन रस्ते आहेत. पहिला, फाइल आहेत तशाच ठेवायच्या आणि कोडी नावाचं व्हिडिओ लावायचं अ‍ॅप चालेल असा बॉक्स घ्यायचा. कोडी फुकट आहे, आयएसओ आणि व्हिडिओ टीएस दोन्ही उघडतं आणि डीव्हीडीचा मेनूही दाखवतं, रिमोटच्या बाणांनी "दृश्य निवडा"मध्ये जाता येतं. यासाठी गूगल टीव्ही किंवा अँड्रॉइड टीव्हीचा अधिकृत बॉक्स हवा ज्यात प्ले स्टोअर आहे आणि मागे यूएसबी पोर्ट आहे. शाओमीचा वगैरे कुठलाही चालेल, तुमच्या बजेटमध्ये बसेल.

दुसरा रस्ता मला जास्त पटतो: सगळ्याचं एमकेव्ही करून टाकायचं, म्हणजे एकेक सलग व्हिडिओ फाइल. मेकएमकेव्ही नावाचं सॉफ्टवेअर आहे, डीव्हीडीपुरतं फुकट आहे, आणि ते आयएसओ आणि व्हिडिओ टीएस फोल्डर दोन्ही वाचतं त्यामुळे डिस्क पुन्हा बाहेर काढाव्या लागत नाहीत. ते चित्राला हातच लावत नाही, तुकडे जोडून, आवाजाचे ट्रॅक आणि सबटायटल सोबत ठेवून एक फाइल करून देतं, क्वालिटी जशीच्या तशी. एका डिस्कला काही मिनिटं लागतात. एक सेटिंग मात्र पुतण्याला आधीच बदलायला सांगा, दोन मिनिटांपेक्षा छोटे भाग ते मुळात गाळतं, लग्नाच्या डीव्हीडीत मंगलाष्टकं, सप्तपदी असे तुकडे वेगवेगळे केलेले असले तर छोटे उडतील, तेव्हा ती मर्यादा कमी करून मगच लग्नाच्या घ्या. नाटकाचे अंकही कधी कधी वेगळे टायटल, म्हणजे डिस्कवरचे वेगळे भाग, म्हणून असतात, नुसतं सगळ्यात लांब टायटल निवडून पुढे गेलात तर दुसरा अंक मागे राहील.

एमकेव्ही झालं की तुमची आहे ती स्टिकसुद्धा पुरते. हार्डडिस्क कॉम्प्युटरला लावा, फोल्डर घरच्या नेटवर्कवर शेअर करा, स्टिकवर व्हीएलसी नावाचं प्लेअर अ‍ॅप टाका, ते अ‍ॅमेझॉनच्याच स्टोअरमध्ये मिळतं, आणि लोकल नेटवर्कमध्ये जाऊन फाइल लावा. काहींच्या राउटरलाच मागे यूएसबी पोर्ट असतं, तिथे डिस्क लावली तर कॉम्प्युटरही चालू ठेवावा लागत नाही. हे आधी करून बघा, शून्य खर्च आहे. (नवी स्टिक घ्यायचा विचार असेल तर बघून घ्या, २०२५ मध्ये आलेल्या फोर-के सिलेक्टमध्ये अँड्रॉइड नाही, व्हेगा नावाची वेगळी सिस्टीम आहे, तिच्यावर बाहेरून कोडी टाकता येत नाही.)

बॉक्स घेतलाच तर दुकानातच हार्डडिस्क लावून बघा. यूएसबी २.० चं पोर्ट ठरल्याप्रमाणे ५०० मिलिअँपिअर देतं आणि पोर्टेबल डिस्कला सुरू होताना त्याहून जास्त लागू शकतं, मग डिस्क टिकटिक करते, दिसते आणि गायब होते, आणि लोक म्हणतात बॉक्स खराब निघाला. स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब मध्ये लावला की थांबतं.

मग दुकानात काय लावून बघायचं? एक सिनेमा ज्यात सबटायटल आहेत, एक नाटक, आणि लग्नाची एक. सबटायटल यासाठी की डीव्हीडीची सबटायटल म्हणजे अक्षरं नसतात, छोटी चित्रं असतात, आणि टीव्हीतले साधे प्लेअर ती दाखवतच नाहीत. नाटक यासाठी की ते व्हिडिओ कॅमेऱ्याने घेतलेलं असतं, म्हणजे सेकंदाला पन्नास अर्ध्या-अर्ध्या चौकटी, एकदा सम ओळी एकदा विषम. नट स्टेजवर एका विंगेतून दुसरीकडे झपकन गेला की त्याच्या हाताच्या, पदराच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेघा दिसल्या तर समजायचं की प्लेअर डीइंटरलेसिंग, म्हणजे त्या अर्ध्या चौकटी जुळवायचं काम, नीट करत नाहीये. कोडीत चालू फाइलच्या व्हिडिओ सेटिंगमध्ये ते बदलता येतं. आणि याच कारणासाठी पुतण्याला सांगा की जागा वाचवायला हँडब्रेक या सॉफ्टवेअरमधून फाइल बारीक करू नको, तिथे डीइंटरलेसिंग चुकलं तर त्या रेघा फाइलमध्ये कायमच्या बसतात, आणि पन्नासाच्या पंचवीस चौकटी केल्या तर नाटकातली हालचाल जरा तुटक वाटायला लागते. लग्नाच्या कॅसेटवरून केलेल्या डीव्हीडीचंही तेच.

पैसे खर्चायचेच असतील तर ते दुसऱ्या हार्डडिस्कवर खर्च करा असं मी कळकळीने सांगेन. तीनशे डिस्क, सरासरी सहा जीबी धरली तरी १८०० जीबी होतात, तुमची दोन टीबीची जवळपास भरलीच आहे. आणि आत्ता लग्नाची हार्डडिस्कवर एकच कॉपी आहे, ती डिस्क हातातून पडली की संपलं. चार टीबीची घ्या, एमकेव्ही तिच्यावर करा, जुनी कपाटात ठेवा, शक्य असेल तर मुलीकडे ठेवा. फॅट-३२ ने फॉरमॅट करू नका, त्यात चार जीबीच्या वरची फाइल बसत नाही आणि सिनेमा बहुतेक त्याच्या वरच जातो. एक्सफॅट किंवा एनटीएफएस, बॉक्स कुठलं वाचतो ते बघून.

प्रश्न: मी एडिसनला राहते. भारतातून आणलेल्या डीव्हीडी इथल्या लॅपटॉपवर रिप केल्या, म्हणजे फाइल करून उतरवल्या, एनव्हिडिया शील्ड या टीव्ही बॉक्सवर कोडीतून बघते. सगळं छान आहे पण कॅमेरा बाजूला सरकला की चित्र हलकेच अडखळतं. आणि आईला संवाद ऐकू येत नाहीत, गाणी मात्र दणदणीत. शील्ड बदलू का? (एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर: शील्ड बदलायची मुळीच गरज नाही, डीव्हीडीसाठी ती गरजेपेक्षा जास्तच आहे. तुमच्या डिस्क पाल असणार, सेकंदाला पंचवीस चौकटी, आणि अमेरिकेतला टीव्ही साठ हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला साठ वेळा चित्र दाखवत, चाललाय. पंचवीस साठात सरळ बसत नाहीत म्हणून काही चौकटी दोनदा दिसतात काही तीनदा, एरवी कळत नाही पण कॅमेरा सरकला की डोळ्याला टोचतं. कोडीत प्लेअरच्या सेटिंगमध्ये डिस्प्लेचा रिफ्रेश रेट जुळवून घेण्याचा पर्याय आहे, तो "सुरू होताना आणि थांबताना" असा ठेवा. टीव्ही पन्नास हर्ट्झ घेत असला तर त्याच क्षणी फरक दिसेल. टीव्हीने ते घेतलंच नाही तर मात्र बॉक्स कितीही महाग आणा, उपयोग नाही.

आवाजाचं कारण वेगळं. डीव्हीडीवर ५.१ चा (अनेक स्पीकरसाठी केलेला) ट्रॅक असला की संवाद बहुतेक सगळे मधल्या चॅनेलमध्ये असतात, तुमचे स्पीकर दोनच असतील तर सगळं दोनात ओतताना मधला दबतो. कोडीतच मधला चॅनेल वाढवायचं सेटिंग आहे, चालू सिनेमात आवाजाच्या सेटिंगमध्ये बघा. त्याच्याही आधी साधी गोष्ट, डिस्कवर दुसरा स्टीरिओ ट्रॅक आहे का तो लावून बघा, बऱ्याच डिस्कवर असतो आणि आईंसाठी तोच बरा. पुढच्या वेळी रिप करताना दोन्ही ट्रॅकवर खूण करा म्हणजे झालं. आणि हो, लॅपटॉपच्या ड्राइव्हचा रीजन, म्हणजे कुठल्या देशांच्या डिस्क वाचायच्या तो क्रमांक, जपून बदला, भारत पाचमध्ये येतो, अमेरिका एकमध्ये, आणि ड्राइव्ह पाच वेळाच बदलू देतो, त्यानंतर कायमचा लॉक.

प्रश्न: आमच्याकडे नाटकांच्या व्हीसीडी जास्त आहेत, एका नाटकाच्या दोन-दोन. काहींवर बुरशीसारखे डाग आलेत. ह्या कशा घ्यायच्या आणि टीव्हीवर कशा लावायच्या? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर: ह्या आधी घ्या, बाकी सगळं नंतर. कोकणातल्या दमट हवेत डिस्कवर बुरशी धरते आणि ती एकदा कव्हराच्या खाली चांदीच्या थरात गेली की काही करता येत नाही. वरवरची असेल तर कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा थेंब टाकून मऊ सुती कपड्याने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल कधीच नाही, कारण गोल ओरखडा डेटाच्या रेषेवरच पडतो आणि सलग भाग जातो, मधून कडेकडे जाणारा ओरखडा प्लेअर सावरून घेतो. सावलीत वाळवा.

मेकएमकेव्ही व्हीसीडी घेत नाही. डिस्कमध्ये एमपीईजीएव्ही नावाचा फोल्डर असतो, त्यातली डॅट फाइल कॉपी करायची, व्हीएलसी ती तशीच लावतं. कॉपी मध्येच अडकली तर दुसऱ्या कॉम्प्युटरच्या ड्राइव्हमध्ये घालून बघा, एका ड्राइव्हला न वाचता येणारी डिस्क दुसरा वाचतो हे अगदी नेहमीचं आहे. तरी नाही झालं तर आयसोबस्टर नावाचं सॉफ्टवेअर आहे, ते अडलेल्या जागी पुन्हा पुन्हा प्रयत्न करतं, रात्रभर लागेल पण लावून ठेवा. एका नाटकाच्या दोन फाइलना एकच नाव द्या, पुढे १ आणि २, म्हणजे यादीत एकाखाली एक येतील.

चित्र ३५२ बाय २८८ चंच असतं, मोठ्या टीव्हीवर धूसर दिसणार, कुठलाही बॉक्स त्यात नवीन बारकावे आणू शकत नाही, "अपस्केलिंग" लिहिलेल्या बॉक्ससाठी जास्तीचे पैसे देऊ नका. जरा मागे बसून बघा, संवाद ऐकायला काही अडचण येत नाही. कोडी नाटकांची पोस्टरं इंटरनेटवरून शोधायला जातं आणि बऱ्याचदा भलताच सिनेमा चिकटवतं, तेव्हा नाटकांचा फोल्डर लायब्ररीत घालूच नका, नुसता फाइल म्हणून उघडा आणि फोल्डरमध्ये कव्हरचा मोबाइलवर काढलेला फोटो फोल्डर.जेपीजी या नावाने, पण इंग्रजीत लिहून ठेवा, तोच चित्र म्हणून दिसतो.