ना धड बॅट्समन, ना धड बॉलर

"मॅडम, ह्याला सगळं थोडं थोडं येतंय, पण एकात म्हणून धड नाही." कोल्हापुरातले आईवडील माझ्यासमोर ही काळजी इतक्यांदा बोलून दाखवतात, की तिच्यावर लिहायलाच हवं. कुणाची मुलगी गाते, चित्रं काढते आणि गणितातही बरी असते. कुणाचा मुलगा ऑलराउंडर असतो.

असाच एक मुलगा माझ्याकडे आला, अकरावीतला. शास्त्रीनगर मैदानावर सराव, सहाव्या क्रमांकावर बॅटिंग, मधल्या ओव्हरमध्ये मध्यमगती बॉलिंग. निवड चाचणीत नाव आलं नाही आणि वडिलांनी फर्मान काढलं, "एक काय ते ठरव." घर तालमीतलं. कुस्तीत चितपट केलं की निकाल अख्ख्या मैदानाला दिसतो. क्रिकेटमधले अठ्ठावीस रन त्यांना दिसेनात. पोरानं किट माळ्यावर टाकलं, जेवण तोडलं.

सुरुवातीच्या भेटींत तो फारसा बोललाच नाही. मग मी शेवटच्या मॅचबद्दल विचारलं.

"काय नाही. अठ्ठावीस रन आणि एक विकेट."

"मग 'काय नाही' कसं?"

"ओपनरनं सत्तर मारले, लेगस्पिनरनं चार काढल्या. मी कशातच नाही."

मी कागदावर लिहिलं: 26 धावा. 7 षटकं, 12 धावा, 3 बळी. "हा कसा वाटतो?"

"बॉलिंग भारी. पण रन सव्वीसच की."

"1983 च्या वर्ल्ड कपची फायनल. मोहिंदर अमरनाथ. सामनावीर."

त्यानं कागद स्वतःकडे ओढला. "आपले किती झालेले?"

"183. वेस्ट इंडिज 140 वर आटोपली."

तो आकड्यांवरून बोट फिरवत राहिला. मी गप्प. बऱ्याच वेळानं म्हणाला, "मॅडम, मी माझे रन ओपनरशी मोजतोय आणि विकेटा लेगस्पिनरशी. मग दोन्हीकडं हरणारच की."

हेच मी सांगितलं असतं तर उपदेश ठरला असता. निवड हुकली म्हणून पोर इतकं खचत नाही. त्यावरून स्वतःबद्दल जे वाक्य मनात घोळवतं त्यानं खचतं, अशी माझी जुनी धारणा आहे. ते वाक्य त्याचं त्यानंच खोडावं लागतं. त्या दुपारी मी तेवढी थांबले, याचं मला मनापासून समाधान आहे.

वडिलांना मी भारताचा ऑलराउंडर रॉबिन सिंगबद्दल सांगितलं. 1989 मध्ये दोन एकदिवसीय सामने, मग थेट 1996 मध्ये पुनरागमन, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी. कसोटी एकच मिळाली, पण एकदिवसीय सामने 136. त्यांत 2336 धावा आणि 69 बळी. शेवटच्या ओव्हरमधले रन, मधल्या ओव्हर आणि चपळ फिल्डिंग, एवढ्यावर संघाला तो लागायचा. "सात वर्षं थांबला व्हय?" वडील एवढंच बोलले. प्रत्येक पोराचं असं होत नाही, हेही मी स्पष्ट सांगितलं.

पालकांनो, मॅचवरून आलेल्या मुलाला "किती काढलेस?" आधी विचारू नका, "तू उतरलास तेव्हा मॅच कुठं होती?" असं विचारा. मुलानं कोचला थेट विचारावं, "संघात माझं काम कोणतं?" उत्तर मिळालं की सरावाला दिशा येते. सोळाव्या वर्षी एक कला छाटून दुसरी वाढेलच, अशी खात्री कुणी देऊ शकत नाही. मात्र जेवण-झोप दोन आठवड्यांहून जास्त बिघडली, तर "वय आहे" म्हणून सोडून देऊ नका, तज्ज्ञांना भेटा.

पुढच्या चाचणीला तो ऑलराउंडर म्हणूनच नाव देणार आहे. वडिलांची अट एकच, बारावीची प्रॅक्टिकल्स बुडवायची नाहीत. ती मलाही मान्य आहे.