डब, रेगे, डान्सहॉलचे नवे मिक्स ऑनलाइन शोधायचे कसे?

प्रश्न असा होता: "मी संभाजीनगरला असतो. ॲपवर रेगे लावलं की फिरून फिरून बॉब मार्लेच येतो. डब, रेगे, डान्सहॉलचे नवीन मिक्स कुठं शोधायचे? आजूबाजूला ऐकणारं कुणीच नाही."

शेवटच्या वाक्यासाठी लिहायलोय. ऐकणारं कुणी नाही म्हणतोस, तुझं निदान शहर तरी मोठं आहे, मी परभणीचा. रेगे म्हणजे जमैकाचं संगीत, डब म्हणजे त्याच गाण्यातला आवाज-वाद्यं काढून-घालून, एको लावून केलेलं रूप, आणि डान्सहॉल म्हणजे त्याचं पुढचं, नाचायचं पिल्लू. इथं डब ऐकणारे दोघं होतो, त्यातला एक पुण्याला गेला आणि आता लो-फाय ऐकतो, म्हणजे गेलाच.

ॲपचं आधी उरकतो. ॲप गाणी देतं, तुला मिक्स पाहिजे, म्हणजे कुणीतरी निवडून एकाला एक जोडलेली गाणी, म्हणजे तू किराणा दुकानात जाऊन जेवणाचं ताट मागायलास. मिक्स माणूस करतो, त्यामुळं माणूस शोध. मिक्सक्लाउड, साउंडक्लाउड, यूट्यूब, तीनच ठिकाणं, हे तुला माहीतच असेल. एक मिक्स आवडला की तो कुणी केला बघ, आणि नुसतं फॉलो करून झोपू नको, त्या माणसानं दुसऱ्या कुणाचे मिक्स लाइक केलेत ते उघड, मला आवडलेल्या दहातले आठ असेच सापडलेत. खाली गाण्यांची यादी दिलेली असेल तर लेबलचं, म्हणजे गाणी काढणाऱ्या कंपनीचं, नाव उचल आणि बँडकॅम्पवर टाक, तिथं लेबलं स्वतः गाणी विकतात. साउंडक्लाउडवरचे मिक्स कॉपीराइटपायी उडतात, डाउनलोडचं बटण दिसलं की तिथल्या तिथं दाबून मोकळा हो, नंतर बघू म्हणलं की गेलं.

आणि सर्चमध्ये नुसतं "डीजे" टाकू नको. जमैकात डीजे म्हणजे माइकवर बोलणारा, गाणी लावणारा तो सिलेक्टर. आपल्याकडं डीजे म्हणजे माणूसच नाही, पिकअपवर रचलेली स्पीकरची भिंत. "डीजे किती टॉपचा आणलाय?" असं विचारतात लोक. तर सिलेक्टर, साउंड सिस्टिम (स्पीकर आणि ते वाजवणाऱ्यांचा पूर्ण ताफा), रिदम मिक्स (इंग्रजीत riddim लिही, म्हणजे गाण्याखालचा ठेका-बेस), ज्युगलिंग (गाण्याला गाणं न थांबता जोडणं) असे शब्द टाकून बघ.

आता माझी गोष्ट, कारण तुला ऐकणारं कुणी नाही पण मला न ऐकणाऱ्यांनी पैशाला बुडवलंय.

माझ्या आत्याच्या मालकांची साउंड सर्व्हिस होती गंगाखेडकडं. दोन भोंगे, एक अँप्लिफायर, दोन माइक, आणि एक एको मशीन, ज्याच्यावर त्यांचा पोराइतका जीव. सप्त्यात कीर्तनकाराला थोडा एको, जयंतीच्या गायन पार्टीला जास्त, आणि "ज्यांची मोटारसायकल आडवी लागलीय त्यांनी काढून घ्यावी" ह्याला सगळ्यात जास्त. मी सहावीत असताना एकदा काकड्याच्या वेळी तो बटण पूर्ण फिरवला. विठ्ठल विठ्ठल चाललं होतं त्याचं ठ्ठल ठ्ठल ठ्ठल ठ्ठल झालं आणि ते थांबेचना, एकावर एक चढत गेलं, म्हातारी माणसं टाळ धरून वर भोंग्याकडं बघायली. मला कानाखाली बसली. पण तो आवाज डोक्यातून गेला नाही. पुढं नांदेडला डिप्लोमाला असताना कुण्या मित्राच्या फोनवर किंग टबी, जमैकाचा डब करणारा, ऐकला आणि मी म्हणलो, अरे हे तर ते ठ्ठल ठ्ठल आहे.

त्या काळात मिक्स शोधणं म्हणजे काय हे आताच्या पोरांना सांगून कळायचं नाही. तासाभराचा मिक्स 128 केबीपीएसला साधारण 58 एमबी होतो. आमच्या सिमला सेकंदाला पाच केबी आले तरी चांगला दिवस, म्हणजे तीन तास नुसतं बघत बसायचं, आणि मधीच कुणाचा फोन आला की पहिल्यापासून. त्यामुळं मी कचरा उतरवायचो नाही. एक मिक्स उतरला की पंधरा दिवस तोच, पाठ व्हायचा. तुला आज सगळं फुकट दिसतंय म्हणून तू अर्धा मिनिट ऐकून पुढं ढकलतोस (ढकलतोसच, मला माहीतय) आणि मग म्हणतोस नवीन काही सापडत नाही.

तर 2014 चा उन्हाळा. आत्याच्या मालकांचा धंदा तोवर आतेभावानं घेतला होता, दादा म्हणतो मी त्याला, सात वर्षांनी मोठा. भोंगे गेले, चार बेस, चार टॉप आले, जनरेटर आलं. मी सुट्ट्यांत वायरी ओढायला जायचो, सीझनचे मिळून काहीतरी द्यायचा. सोनपेठच्या अलीकडं एका गावात हळदीची सुपारी होती. नऊच्या सुमाराला दादा जेवायला बसला, जाताना म्हणला, "पेनड्राइव्ह लागलेलाय, हात लावू नको." मी त्याचा काढला आणि माझा लावला.

जमैकाच्या ऑगस्टस पाब्लोचं मेलोडिका (फुंकून वाजवायची छोटी पेटी) होतं, खाली टबीचं मिक्सिंग. पहिला मिनिटभर काय सांगू तुला, त्या चार बेसमधून तो आवाज मी आधी कधी ऐकलाच नव्हता, हेडफोनवर फक्त ओळख होती, त्या दिवशी पोटात शिरला. पोरं जरा गोंधळली पण हळूहळू डोलायली, एक बाई विचारायली पण, ही पेटी कोण वाजवायलंय म्हणून. आणि मग टबीनं जे करायचं ते केलं. गाणं गेलं, गिटार गेली, बेस गेला, नुसता ड्रमच्या काठीचा एक टक उरला, टक... टक... टक... बारीक होत होत संपला. मांडव गप्प.

नवरीचा चुलता वराडला, "ओ साउंडवाले, आवाज कामून गेला?" कुणीतरी म्हणलं फेज गेला. एक पोरगं जनरेटरकडं पळालं. आणि दादा, उजव्या हाताला कोपरापर्यंत वरण, तसाच पळत आला आणि त्याच हातानं मिक्सरमागची जॅक दाबली. नेमकं त्याच क्षणी बेस परत आला, धाडदिशी, त्याचं डोकं स्पीकरपासून फूटभर. तो मागं वळून सगळ्यांना म्हणला, "जॅक ढिली होती."

अर्ध्या मिनिटात टबीनं परत सगळं काढून घेतलं. दादानं परत जॅक दाबली. परत आलं. असं चार वेळा झालं. मी सांगायलोय, दादा, गाणंच असंय, मुद्दाम केलंय त्यांनी, तो म्हणायलाय, तू बाजूला हो आधी.

एका माणसाला मात्र कळलं. हलगीवाले पाळीची वाट बघत बाकड्यावर बसले होते, त्यातल्या म्हाताऱ्यानं बिडी विझवली आणि हलगी मांडीवर घेऊन बरोबर मोकळ्या जागेत काडी मारली. रेगेचा वन ड्रॉप ठेका असतो, चारातला पहिला ठोका रिकामा आणि जोर तिसऱ्यावर, तर त्या बाबानं दोन फेऱ्यांत तो रिकामा पहिला हुडकला आणि तिथं बसला. त्याला जमैका नकाशात दाखवता आली नसती. पुढं किती वाजवलं असतं कोण जाणे, पण दादानं पेनड्राइव्ह उपटला.

पार्टीनं पाच हजार कापले, "सिस्टिम मधीमधी बंद पडत होती" म्हणून. दादानं ते माझ्यातून वळते केले, म्हणजे माझा पूर्ण सीझन गेला. आणि आजपर्यंत घरातल्या कुठल्याही लग्नात हा किस्सा निघतो आणि त्याचा शेवट असा असतो की ह्यानं जॅक ढिली ठेवली होती.

आता खरी गंमत ऐक. डबची सुरुवातच अशी झालीय. 1960 च्या दशकाच्या शेवटी जमैकातल्या स्पॅनिश टाउनच्या रडी रेडवूड नावाच्या साउंडवाल्यानं एक प्लेट, म्हणजे रेकॉर्ड, कापून घेतली, इंजिनिअर त्यात गाणाऱ्याचा आवाज टाकायचाच राहिला. त्यानं ती तशीच कार्यक्रमात लावली आणि लोकांनी स्वतः गाणं म्हणायला सुरू केलं, येडे झाले लोक. तिथून रेकॉर्डच्या मागच्या बाजूला व्हर्शन, म्हणजे आवाजाशिवायचं गाणं, टाकायची रीत पडली. तिथं आवाज गेला तर लोक नाचले, आमच्याइथं पाच हजार कापले. आणि किंग टबी कोण होता? ऑस्बर्न रडॉक, किंग्स्टनचा रेडिओ-ट्रान्सफॉर्मर दुरुस्त करणारा मिस्त्री, स्वतःचे अँप्लिफायर बांधायचा, स्वतःची साउंड सिस्टिम चालवायचा, घरातच चार ट्रॅकचा मिक्सर मांडून बसला आणि त्याचे खटके वाद्यासारखे वाजवले. 1989 ला त्याला घराबाहेरच गोळी घातली. सोल्डरिंग गन हातात धरलेला आमच्या आत्याच्या मालकांसारखा माणूस होता तो. हे मी दादाला किती वेळा सांगितलं. तो म्हणतो, मग त्याची पण जॅक ढिली असेल.

बरं, तुझा प्रश्न. डान्सहॉलसाठी रिदमच्या नावानं शोध, गायकाच्या नावानं नको. एकाच रिदमवर पंधरा-वीस जण गातात, एखाद्या सिलेक्टरनं ते सगळे एकाला एक जोडलेले असतात, तो मिक्स ऐकलास की एका फटक्यात पंधरा नावं हातात. स्लेंग टेंग टाकून बघ, 1985 चा, पूर्ण रिदम कॅसिओच्या छोट्या कीबोर्डमधल्या आयत्या ठेक्यावर बांधलाय, म्हणजे आपल्या ऑर्केस्ट्रातला कॅसिओवाला जे बटण दाबून चहा प्यायला जातो तसलंच बटण. दिवाळी रिदम टाक, हो, नावच दिवाळी आहे, लेन्की मार्सडेननं केलेला, शॉन पॉलचं 2003 चं गेट बिझी त्याच्यावरच आहे, टाळ्या ऐकल्या की ओळखशील. कुली डान्स रिदम पण आहे. हे कुली म्हणजे आपलेच लोक, 1845 पासून जहाजात भरून जमैकात ऊस तोडायला नेलेले, करार करून, फेडत बसायचं. आमच्या गंगाखेड-सोनपेठकडच्या टोळ्या आजही उचल घेऊन कारखान्यावर जातात, त्यामुळं ते नाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला नाचावं वाटलं नाही, पण रिदम जबरदस्त आहे. गांजा हा शब्द पण तिथं आपल्याच लोकांबरोबर गेलाय, हे रेगे म्हणलं की डोळे वटारणाऱ्या काकांना सांगायला कामी येतं.

नवीन डब पाहिजे तर जमैकापेक्षा युरोपात बघ, फ्रान्सचे ओबीएफ वगैरे. जपानात योकोहामाचा मायटी क्राउन, 1999 ला न्यूयॉर्कला जाऊन वर्ल्ड क्लॅश, म्हणजे साउंड सिस्टिमवाल्यांची स्पर्धा, जिंकून आलाय. लंडनच्या एनटीएस रेडिओवर जुने कार्यक्रम साठवून ठेवलेले असतात, एक रात्र त्यात घाल. आपल्याकडं दिल्लीचे रेगे राजाज आहेत, गोव्यात सनस्प्लॅश नावाचा महोत्सव व्हायचा त्यांचा. कुठं साउंड सिस्टिम लागली असं कळलं तर जा, संभाजीनगरहून गोवा लांब पडतं, तरी जा. आणि मोबाइलच्या स्पीकरवर डब ऐकू नको, त्यातून बेस येतच नाही, तू अर्धं गाणं ऐकून सपक आहे म्हणशील.

एक-दोन गोष्टी राहिल्या. मी 1970-80 च्या काळात अडकलेला माणूस आहे, आत्ताचं किंग्स्टन काय वाजवतंय ते मला विचारू नको, दुसरं कुणीतरी उत्तर लिहील. डान्सहॉलचे बोल समजायला लागले की काही ठिकाणी शिसारी येते, बायकांबद्दल, समलिंगी लोकांबद्दल फार घाण बोललेलं आहे काही गाण्यांत, घरात मोठ्यानं लावायच्या आधी बघून घे. आणि मी वर ॲपला लई बोललो पण टबीचे जुने अल्बम ॲपवरच नीट आवाजात मिळतात, ते ऐक.

दादाचं म्हणशील तर तो आता स्वतः लग्नाच्या परण्यात गाण्याच्या मधी सगळे टॉप बंद करतो, चार ठोके शांत, मग बेस सोडतो. पोरं शिट्ट्या मारतात. त्याला "ब्रेक" म्हणतो आणि आपण काढला म्हणून सांगतो. हे उत्तर मी घरच्या ग्रुपवर टाकणार आहे, तर दादा, ती जॅक मी त्या रात्री गाडी भरताना काढून बघितली होती. घट्ट होती. वरण लागलेलं होतं तिला.