ठेवणीतली मच्छरदाणी

प्रश्न : मी धानोरा तालुक्यातील एका गावात राहते. मला पाचवा महिना सुरू आहे आणि हे पहिलेच बाळंतपण आहे. आशाताईंनी औषध लावलेली मच्छरदाणी दिली. परंतु तिला उग्र वास येतो आणि पहिल्याच रात्री माझ्या गालांची आग झाली. या औषधाचा पोटातल्या बाळाला अपाय होईल का? सासूबाई म्हणतात, नवी जाळी बाळासाठी ठेवणीत राहू दे.

उत्तर : सासूबाईंच्या बोलण्यात माया आहे, पण ही जाळी बाळासाठीच असेल तर ती आजपासून लावायला हवी, कारण हिवतापाचा धोका बाळ जन्माला येण्याची वाट पाहत नाही. गडचिरोली जिल्ह्यात जो हिवताप आढळतो, तो बहुतांशी फॅल्सिपेरम या घातक जातीचा असतो. अशा भागात लहानाचे मोठे झालेल्या माणसाच्या अंगी वारंवारच्या संसर्गामुळे थोडीफार प्रतिकारशक्ती येते. गरोदरपणात मात्र वार (आईच्या रक्तातून बाळाला पोसणारा अवयव) नव्याने तयार होते, आणि हिवतापाचे परजीवी शिरलेल्या तांबड्या पेशी तिला चिकटून तेथेच साचतात. पहिल्या खेपेस शरीराला या प्रकाराची ओळखच नसते, म्हणून पहिलटकरणीला धोका अधिक असतो. पुष्कळदा थंडी वाजत नाही, तापही येत नाही. बाई फक्त फिकट दिसू लागते, चार पावले चालली की धाप लागते आणि ‘दिवसच तसे आहेत’ म्हणून घरात सगळे गप्प बसतात. इकडे वारेतून बाळाला होणारा पुरवठा कमी पडतो. गर्भपात, अपुऱ्या दिवसांची प्रसूती, कमी वजनाचे किंवा मृत बाळ हे त्याचे परिणाम असू शकतात.

आता औषधाविषयी. या जाळीच्या धाग्यात पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशक अत्यल्प प्रमाणात असते आणि गरोदर स्त्रिया व तान्ही बाळे यांच्यासाठी अशा मच्छरदाण्या सुरक्षित मानल्या जातात. नव्या जाळीमुळे चेहऱ्याची आग होणे, नाक चुरचुरणे हे तात्पुरते असते. पाकिटातून काढलेली जाळी एक दिवस सावलीत पसरून ठेवावी आणि मग लावावी, हे सांगायचे बहुधा राहून गेले असावे. ती कडक उन्हात वाळवू नये. धुताना साधा साबण आणि गार पाणी वापरावे. ओढ्यावर किंवा तळ्यात धुऊ नये, कारण हे औषध माशांना मारक आहे. साधारण वीस धुण्यांपर्यंत किंवा तीन वर्षांपर्यंत तिचा उपयोग होतो, म्हणून दर आठवड्याला धुण्याचा उत्साह टाळलेला बरा. भोक पडले तर सुई-दोऱ्याने शिवावे.

हिवतापाचे डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतात. तेव्हा बाज अंगणात टाकली तरी जाळी तिच्यावर यावी, कडा अंथरुणाखाली खोचलेल्या असाव्यात आणि कापणीच्या दिवसांत शेतावर मुक्कामाला जाणाऱ्याने आपली जाळी बरोबर न्यावी. मासे धरायला किंवा कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकलेल्या जाळ्या मी पाहिल्या आहेत. जाळी जीर्ण झालेली असेल तर ते समजू शकते, पण नवीकोरी तेथे पाहिली की राग येतो. ताप आला, अगदी कणकण वाटली तरी अंगावर काढू नका. आशाताईंकडे बोटाच्या थेंबभर रक्तावर लगेच तपासणी होते आणि तिचे पैसे पडत नाहीत. लोहाच्या गोळ्या चालू ठेवा व रक्तातील हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेले असल्यास हिवतापाची तपासणी झाली का, हे आपण होऊन विचारा.

प्रश्न : आम्ही नाशिकला राहतो. पत्नीचे माहेर गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली तालुक्यात असून सातव्या महिन्यात ती बाळंतपणासाठी तिकडे जाणार आहे. ती तिथेच वाढलेली असल्याने तिला हिवताप बाधणार नाही, असे सासरे म्हणतात. तरीही आधीच गोळ्या द्याव्यात का?

उत्तर : सासऱ्यांचा समज चुकीचा आहे. वारंवारच्या संसर्गातून आलेली प्रतिकारशक्ती काही वर्षे त्या भागाबाहेर राहिल्यावर ओसरते, आणि ती पुरेपूर टिकली असती तरी वारेच्या बाबतीत तिचा भरवसा नसता, हे वरच्या उत्तरात आलेच आहे. आफ्रिकेतील अनेक देशांत गरोदर स्त्रियांना दुसऱ्या तिमाहीपासून ठरावीक अंतराने प्रतिबंधक औषध देतात. आपल्याकडे राष्ट्रीय कार्यक्रमात ती पद्धत नाही, भर मच्छरदाणीवर आणि तत्पर निदान-उपचारांवर आहे. दुकानातून स्वतःच्या मनाने गोळ्या आणू नका, कारण प्रवाशांना एरवी दिले जाणारे डॉक्सिसायक्लिन आणि उपचारातील प्रायमाक्विन ही दोन्ही औषधे गरोदरपणात वर्ज्य आहेत. निघण्यापूर्वी तिच्या डॉक्टरांना माहेरचा तालुका आवर्जून सांगा. साडी-चोळीच्या पिशवीत एक औषधी मच्छरदाणी घाला आणि तिकडे पोहोचल्याबरोबर गावच्या आशाताईंकडे तिची नोंद करून घ्या. नाशिकला परतल्यानंतर काही आठवड्यांनी ताप आला, तर एटापल्लीत राहून आल्याचे डॉक्टरांना आधी सांगावे. शहरात ते कोणी विचारीलच असे नाही.