रोबोट ज्याचं काम घेणार नाही असा कोर्स कोणता? इचलकरंजीच्या एका मुलीच्या पत्राला उत्तर

बाळ, तुझं पत्र मिळालं. नाव छापू नका म्हणालीस म्हणून घेत नाही, पण बाकी वाचणाऱ्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगते. ही मुलगी बारावी सायन्सला आहे, बाबा इचलकरंजीत साध्या मागांच्या शेडमध्ये वर्षानुवर्षं जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करून देणारे, मालकांनी जुने माग भंगारात काढून एअरजेट माग बसवले आणि अर्ध्याहून जास्त माणसं घरी गेली. बाबांना ठेवलंय पण आता त्यांना कुणी काही विचारत नाही. ती लिहिते, "एआय आणि रोबोट जे काम घेणार नाहीत असा कोर्स सांगा, आणि मला नागरिकशास्त्र आवडतं पण घरचे म्हणतात त्यात पोट भरत नाही."

तर आधी स्पष्टच सांगते, असा गॅरंटीचा कोर्स जगात कुठेही नाही, आणि आहे म्हणून कुणी सांगितलं तर त्याला फी भरू नका. तुझ्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती ओळ कोर्सची नाहीच, ती बाबांची आहे. पगार तेवढाच आहे पण ते गप्प गप्प असतात, असं लिहिलंयस ना, ते का झालं ते नीट समजून घे म्हणजे करिअरचं पुढचं आपोआप सुटेल.

साधा माग मिनिटाला शंभर-दीडशे वेळा धोटा, म्हणजे आडवा धागा घेऊन पळणारा तुकडा, मारतो. तो बिघडला की जॉबर नुसत्या आवाजावरून सांगतो कुठे ढिलं झालंय, पाना घेतो आणि लावून देतो. ही विद्या कुठल्या पुस्तकात नव्हती, बाबांच्या कानात आणि हातात होती, म्हणून जॉबर दोन दिवस आला नाही की मालक स्वतः घरी यायचे. एअरजेटला धोटाच नाही, हवेच्या झोतावर धागा जातो, मिनिटाला सहाशेच्या वर, आणि बिघाड झाला की स्क्रीनवर कोड येतो. सेटिंगला पासवर्ड. मोठा बिघाड असेल तर मशीन कंपनीचा इंजिनिअर येतो, आणि कुठला माग किती वेळ बंद होता ते मालक मोबाईलवर बघतात. म्हणजे जी किल्ली बाबांकडे होती ती आता कंपनीकडे आणि मालकाकडे गेली. आणि कांड्या, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या धाग्याच्या नळ्या, भरणाऱ्या बायकांचं तर कुणी नावही घेत नाही, एअरजेटला धागा थेट कोनवरून, म्हणजे सुताच्या मोठ्या रिळावरून, जातो, कांडीच लागत नाही, त्यामुळे त्या बायकांचं काम एका झटक्यात संपलं आणि त्याची साधी चर्चासुद्धा झाली नाही कारण जिथे ठरलं तिथे त्यांच्यातलं कुणीच नव्हतं.

ऑटोमेशनमध्ये नोकऱ्या किती जाणार यावर सगळे बोलतात, पण कुणाचा शब्द चालणार हे पण त्याच वेळी बदलतं. मुंबईच्या गिरणी कामगारांचं बघ. 18 जानेवारी 1982 ला कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले, पण तोपर्यंत कापड भिवंडीसारख्या ठिकाणी यंत्रमागांवर विणून मिळायला लागलं होतं, गिरणी बंद ठेवून मालकाला झुकवण्याची ताकद आधीच पोखरली गेली होती. पुढे 1991 च्या नियमांनी गिरण्यांच्या जमिनी विकसित करायची वाट मोकळी झाली आणि कापडापेक्षा जमीन महाग ठरली. त्या माणसांना काम येत नव्हतं असं कुणी म्हणू शकणार नाही.

आणि एक गोष्ट जी तुमच्या शेडमध्ये बहुतेक कुणाला माहीतच नसेल. नवीन यंत्रामुळे कामगार कमी होणार असतील तर मालकाने 21 दिवस आधी नोटीस द्यायची, ही तरतूद 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात होती आणि 2020 च्या नव्या इंडस्ट्रियल रिलेशन्स कोडमध्येही आहे. कपात केली तर भरपाईचा पण हिशेब आहे. पण त्यासाठी नाव मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, पाहिजे, सलग काम केल्याचा पुरावा पाहिजे, आणि मागणारं कुणीतरी पाहिजे. कायदा कागदावर असतो आणि शेडमध्ये पोचत नाही, तो पोचवणारी माणसं लागतात. तुझ्या नागरिकशास्त्राचं पोट इथे भरतं, घरच्यांना सांग.

आता कोर्सचं. तुझे फिजिक्स-मॅथ्सचे मार्क चांगले आहेत, इंजिनिअरिंगच्या प्रवेशाची एमएचटी-सीईटी देच. पण घरचे म्हणतात तसं डोळे झाकून कॉम्प्युटर नको. तुझ्या गावातच डीकेटीई कॉलेज आहे, तिथलं टेक्स्टाईल टेक्नॉलॉजी बघ, मुंबईत व्हीजेटीआय कॉलेजला पण आहे. लोक म्हणतात टेक्स्टाईलला स्कोप नाही, मला ते पटत नाही, कारण माग आणि इलेक्ट्रॉनिक्स दोन्ही कळणारी माणसं कमी आहेत आणि तू तर मागाच्या आवाजात वाढलीस. पासवर्ड ज्याच्याकडे त्याला विचारल्याशिवाय शेड चालत नाही, आणि तो पासवर्ड तुझ्याकडे असावा असं मला मनापासून वाटतं. घरच्यांना खर्च झेपत नसेल तर आयटीआयचा मेकॅट्रॉनिक्स ट्रेड किंवा बारावीवरून पॉलिटेक्निकला थेट दुसरं वर्ष, यात कमीपणा काही नाही.

दुसरी वाट कायद्याची. बारावीनंतर 5 वर्षांची एलएलबी आहे, त्याची सीईटी वेगळी, आणि आधी इंजिनिअरिंग करून मग 3 वर्षांची एलएलबी पण करता येते. मला विचारशील तर तुझ्यासाठी ही दुसरी जोडी जास्त चांगली, कारण मशीन आतून कळणारा कामगार वकील म्हणजे फार दुर्मिळ माणूस. पदवीनंतर परळला नारायण मेघाजी लोखंडे महाराष्ट्र इन्स्टिट्यूट ऑफ लेबर स्टडीज आहे, तिथून कामगारविषयक पदव्युत्तर शिक्षण घेऊन वेलफेअर ऑफिसर होता येतं, मोठ्या कारखान्यांना हे पद भरावंच लागतं. हे लोखंडे कोण ते वाच, 1884 मध्ये त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि 1890 मध्ये रविवारची सुट्टी मिळाली ती त्यांच्यामुळे.

हे काम जुनाट नाही बरं का. 1969 चा माथाडी कायदा बघ, ज्यांना एक असा मालकच नव्हता त्या हमालांसाठी अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून महाराष्ट्राने बोर्डं केली, काम देणाऱ्यांकडून लेव्ही घेतली, पीएफ दिला. आज डिलिव्हरीवाल्या पोरांचं अगदी तेच दुखणं आहे, त्यांचा साहेब म्हणजे ॲप. राजस्थानने 2023 मध्ये त्यांच्यासाठी कायदा केला. आणि 2023 मध्येच हॉलिवूडच्या लेखकांनी 148 दिवस संप करून एआय कसं वापरायचं याच्या अटी करारात लिहून घेतल्या. म्हणजे यंत्र येणार हे धरून सुद्धा कुठल्या अटीवर येणार हे ठरवता येतं, त्या टेबलावर बसायला शिकलेली माणसं हवीत.

या आठवड्यात एक काम कर. बाबांबरोबर शेडवर जा, त्या स्क्रीनवर काय काय दिसतं ते वहीत उतरव, आणि बाबांना विचार की हाच बिघाड तुम्ही साध्या मागावर कसा ओळखायचा. त्यांना बोलू दे, मध्ये थांबवू नको. मग कांडीवर काम करणाऱ्या मावश्या आता काय करतात, त्यांची नावं मस्टरवर होती का, तेही विचार. दोन्ही वाचून कशात जास्त जीव गुंतला ते मला कळव, आणि सीईटीच्या फॉर्मच्या तारखा चुकवू नको.